न फोडलेलं पाकीट

३ जानेवारी २०२६, सकाळी ६.५०
नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प एकच. पैशाचा प्रत्येक निर्णय मी एकट्याने, शांत डोक्याने घेणार. चौतीस वर्षं हडपसरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, एक नट कमी भरला नाही. मला कोण फसवणार?
ग्राउंडवर फिरताना हिंदुराव भेटला. आमच्याच कारखान्यातला, लोणी काळभोरचा. रिटायर झाल्यावर विम्याची एजन्सी घेतलीय. एक प्लॅन सांगत होता: बचत, गुंतवणूक, विमा, सगळं एकात. वर्षाला दोन लाख, पाच वर्षं. पहिल्या हप्त्यावर पंधरा हजार कॅशबॅक, रोख. मी 'बघू' म्हटलं. लगेच हो म्हटलं की समोरच्याला वाटतं आपण हपापलेले आहोत.

४ जानेवारी
हिशोब केला. एफडी सात टक्के देते, त्यासाठी वर्षभर थांबायचं. कॅशबॅक साडेसात टक्के, पहिल्याच दिवशी. उरलेले ३६४ दिवस फुकटात! बँकेतल्या लोकांना हे कसं सुचत नाही?
चार्जेस आहेत. सुरुवातीला नऊ टक्के, दर महिन्याला पाचशे, माझ्या वयामुळे विम्याचे वेगळे. पण ते आतल्या आत कापतात, आपल्याला खिशात हात घालावा लागत नाही. कॅशबॅक मात्र हातात येतो. हा फरक लोक लक्षातच घेत नाहीत.
पैसे बायकोच्या, कुसुमच्या गुडघ्यांचे. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून गणित शिकवलं, त्यात गुडघे गेले. तिच्या ग्रॅच्युइटीच्या दोन-दोन लाखांच्या दोन एफडी आहेत. १६ फेब्रुवारीला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. मी एकच मोडणार, तीही थोड्या दिवसांसाठी. प्लॅन पटला नाही तर तीस दिवसांत परत करता येतो. म्हणजे प्लॅन घ्यायचा, कॅशबॅक घ्यायचा, प्लॅन परत करायचा. हिंदुरावला हे बोललो नाही.

५ जानेवारी, दुपारी ४
केलं. चार ओटीपी लागले. मग कंपनीतून एका मुलीचा फोन. चार्जेस समजले का, पाच वर्षं पैसे काढता येणार नाहीत हे समजलं का. हिंदुरावने आधीच बजावलं होतं, सगळ्याला हो म्हणायचं, नाहीतर फॉर्म अडकतो. अकरा वेळा हो म्हटलं.
नंतर तो स्वतः पाकीट घेऊन आला. आहेराचं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. एकूण पंधरा हजार एक. म्हणाला, "साहेब, कुटं बोलू नका. आमाला असं द्यायची परवानगी न्हाय." मी कशाला बोलतोय.
कुसुमला सांगितलं नाही. टेन्शन आलं की तिचे गुडघे जास्त दुखतात.

९ जानेवारी
कुरिअरने पॉलिसी आली. जाडजूड पाकीट. परत पाठवण्याची मुदत कागद मिळाल्यापासून तीस दिवस, असं वरच छापलंय. इथे अनुभव कामाला येतो. स्टोअरचा नियम होता: ट्रक गेटवर आला म्हणजे माल आला असं नाही. खोका फोडायचा, मोजायचा, आवक रजिस्टरला चढवायचा, सप्लायरचे दिवस तिथून पुढे मोजायचे. मी पाकीट फोडलेलं नाही. तीस दिवस सुरूच झालेले नाहीत.
पाकीट माळ्यावर ठेवलं. कुसुम माळ्यावर चढू शकत नाही.

१३ जानेवारी
कॅशबॅकमधून कुसुमला आरामखुर्ची आणली, मागे झुकणारी. साडेचौदा हजार. पेन्शनचा फरक मिळाला असं सांगितलं. ती बसली, छान आहे म्हणाली. मग उठता येईना. दोन्ही हात धरून ओढावं लागलं.
"बसायची सोय झाली," ती म्हणाली. "उठायची कधी करताय?"
सध्या मी बसतो.

२१ जानेवारी
ॲपवर दोन लाखांचे १,७७,३४० दिसतायत. मार्केटही पडलंय. पण कॅशबॅक धरला तर तोटा फक्त ७,६५९. याला तोटा म्हणत नाहीत. थोडं वर आलं की परत करू. घाई नाही, पाकीट बंद आहे.
लिफ्ट आजही बंद. तिसरा मजला. कुसुम जिना आडवी उतरते, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खाली पोचायला नऊ मिनिटं. मी घड्याळ लावलं, डॉक्टरांना सांगायला बरं.

३० जानेवारी
हिंदुरावला सहज विचारलं, समजा परत केलं तर? त्याचा चेहरा उतरला. कंपनी त्याचं कमिशन काढून घेणार, मग कॅशबॅक मी त्याला द्यायचा. मी समजावलं की कॅशबॅक म्हणजे उसने पैसे नव्हेत. तो म्हणाला, "साहेब, एप्रिलात पोरीचं लगीन हाय. असं नका करू."
खुर्चीवाल्याला फोन केला. वापरलेली खुर्ची परत घेत नाही म्हणाला. वापरली मीच आहे.
पण ठरलं. १० तारखेला पाकीट फोडायचं, त्याच दिवशी रद्द. तोपर्यंत मार्केट सुधारेल.

६ फेब्रुवारी
हॉस्पिटलचा फोन. १३ तारखेपर्यंत पैसे भरा. कुसुमने विचारलं, एफडी आहेत ना जागेवर? मी म्हटलं, आहे. तिने 'आहेत' ऐकलं असावं.
तिने बॅगही भरून ठेवलीय. दोन गाऊन, शाल, शब्दकोड्यांचं पुस्तक. दोन्ही गुडघे झाले की दिवाळीत पर्वती चढणार म्हणते. सात वर्षांत चढली नाहीये. मी खाली चहा पीत थांबेन म्हटलं. ती हसली. मला हसता आलं नाही.

१० फेब्रुवारी, सकाळी १०.०५
पाकीट फोडलं. वहीत आवक नोंदवली, वेळेसकट.

१० फेब्रुवारी, सकाळी ११.३०
कंपनीला फोन. चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं. मग एक मुलगी म्हणाली, पॉलिसी ६ जानेवारीला ईमेलवर पोचली, मुदत ५ फेब्रुवारीला संपली. मी म्हटलं मेल उघडलेलाच नाही. ती म्हणाली, पोचला ना सर. मी स्टोअरचा नियम सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. कुरिअरपासून मोजलं तरी ८ तारखेला संपली म्हणे, पावतीवर सही माझीच आहे. अकरा वेळा हो म्हटल्याचं रेकॉर्डिंगही आहे. पैसे पाच वर्षांनी. पुढचे हप्ते भरले नाहीत तर आणखी काय कापतात, तेही वाचून दाखवलं.
तिने शेवटी विचारलं, आणखी काही मदत करू का.

१० फेब्रुवारी, सायंकाळी
नीट विचार केला. दोन्ही गुडघे एकदम करणं शरीराला जडच जातं. एक आधी, एक नंतर, हेच शास्त्रीय. उद्या सांगतो.

११ फेब्रुवारी
सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं.

१२ फेब्रुवारी
तनया आली. आमची मुलगी, मगरपट्ट्यात नोकरीला. हॉस्पिटलचा मेल शोधायला माझा फोन घेतला. त्यात प्लॅनचे अकरा मेल, एकही उघडलेला नाही. तिने आईसमोरच विचारलं, बाबा, हे काय आहे?
सगळं सांगितलं. शास्त्रीय बाजूही सांगितली. कुसुम मेथी निवडत राहिली. तनया म्हणाली मी भरते. कुसुम नाही म्हणाली, तुझा घराचा हप्ता आहे. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मला लाज वाटतेय. इथेच लिहितो.

१३ फेब्रुवारी, दुपारी १
एका गुडघ्याचे पैसे भरले. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. कोणता गुडघा, उजवा की डावा? मी कुसुमकडे बघितलं. ती बाकावर बसली होती, काठी मांडीवर आडवी.
"ज्याच्यावर कॅशबॅक असेल तो लिहा," ती म्हणाली.
बाईंनी समजावलं की आमच्याकडे तसं काही नसतं. मी उजवा लिहिलं.
खाली आणखी एक रकाना होता, दुसऱ्या गुडघ्याची संभाव्य तारीख. ती मला पाठ होती. ५ जानेवारी २०३१ असं नीट अक्षरात लिहिलं. कुसुम उठून आली, वाचलं, आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.