कानसेनाची मधली खुर्ची

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण एकच, सूड. सूड घेणाऱ्याने तारीखवार नोंद ठेवलेली बरी, नाहीतर राग शिळा होतो.

घडलं ते असं. आमचा एक ग्रुप आहे, चित्रपटांचं पार्श्वसंगीत ऐकणाऱ्यांचा. गाणी नाहीत. गाणी कुणीही ऐकतं. आम्ही संवादांच्या मागचं ऐकतो. आमची ही त्याला 'पार्श्वभाग मंडळ' म्हणते. रोज सकाळी प्रत्येकाने फोनवर 'आज ऐकतोय' असं लिहून काय ते सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यावरून भांडायचं. रविवारी संध्याकाळी डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये जमायचं, कारण त्याच्याकडे स्पीकर चांगले आहेत. दोन स्पीकरच्या बरोबर मधे एक खुर्ची ठेवतात. आवाज सगळ्यात सुरेख तिथेच येतो. ती मधली खुर्ची माझी. ग्रुप निघाल्यापासून माझीच. मला ग्रुपमध्ये कानसेन म्हणतात.

काल मी दीपगृहाच्या त्या जुन्या फिल्मवर लेख टाकला. मुद्दा असा की दुसऱ्या मिनिटाला संगीतकार सगळी वाद्यं थांबवतो आणि निव्वळ शांतता ठेवतो. अशी शांतता ठेवायला छाती लागते, वगैरे. फार छान उतरला होता. खाली डेंटिस्टने एक ओळ लिहिली: 'कानसेन, तिथे शांतता नाही, बासरी आहे.'

मग हसऱ्या तोंडांची रांग लागली. शाळेत पीटी शिकवणारे आमचे शिट्टी मास्तर, त्यांनी तर हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं ओळीने टाकली. ज्या माणसाने आयुष्यभर एकच वाद्य वाजवलं, आणि तेही मैदानावर, तो मला हसतो.

घरी तबकडी परत लावली. बासरी नाही. माझी तबकडी मूळ आहे. डेंटिस्टकडे कुठली तरी नवी आवृत्ती असणार, मागाहून बासरी चिकटवलेली.

ठराव: त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे. यापुढे रोजनिशीत मी त्याला 'दाढ' म्हणेन. दाढ स्त्रीलिंगी, म्हणून 'दाढ म्हणाली', 'दाढ हसली' असंच लिहीन. तेवढीच सुरुवात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या पडद्यांच्या दुकानात तमाशा. एक बाई नवाकोरा पडदा माझ्या काउंटरवर आपटून गेल्या. म्हणे सात फूट सांगितला होता, तुम्ही आठ शिवलात, आता जमीन पुसतोय. मी स्वतःच्या कानांनी आठ ऐकलंय. लोकांना उच्चारच राहिलेले नाहीत. शिंपी म्हणतो त्यानेही सातच ऐकलं होतं. हा शिंपी हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतो. नीट बोल म्हटलं, तर म्हणाला, 'काका, मी ओरडतोय.' म्हणजे उद्धटही झालाय.

घरची नवी बेल अजून बंद. लेकीने पाठवलेली, बटण दाबलं की चिमणीसारखी चिवचिवणारी. बसवल्यापासून एकदा वाजेल तर शपथ. लोक दारात उभे राहून मला फोन करतात. आज इलेक्ट्रिशियन आला, बटण दाबलं, 'वाजतेय की' म्हणाला आणि गेला. वाजली नव्हतीच. दिवसाढवळ्या तोंडावर खोटं बोलतात.

ही म्हणते टीव्हीचा आवाज कमी करा, शेजारचे मालिका आपल्याच टीव्हीवर ऐकतात. दुर्लक्ष केलं.

९ फेब्रुवारी, रविवार

राग ताजा आहे तोवर लिहितो.

खुर्ची गेली.

मी नेहमीप्रमाणे मधे बसायला निघालो, तर दाढ म्हणाली, 'आज तिथे ग्रंथपालबाईंना बसू दे. तुम्ही इथे या.' इथे म्हणजे डाव्या स्पीकरच्या अगदी तोंडाशी, चपलांच्या मांडणीला लागून. सगळ्यांदेखत. ग्रंथपालबाई दोनदा नको म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा बसल्या. बसताना पदर असा सावरला की जसं काही राज्यच मिळालं.

वर दाढ मधेमधे वाकून विचारत होती, 'इथून नीट येतंय ना?' जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. मी दातओठ खाल्ले. त्या खोलीत ते खपून जातं, भिंतभर दातांचीच चित्रं आहेत.

खरं सांगायचं तर आवाज छान येत होता. पण प्रश्न तो नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पडदे टांगताना योजना सुचली. फार सुंदर योजना आहे. एकटाच हसलो. शिंपी घाबरला.

दाढेला दुर्मीळ चीज म्हटलं की लाळ सुटते. तेव्हा मी स्वतःच एक पार्श्वसंगीत तयार करायचं. लेकीचा जुना कीबोर्ड माळ्यावर आहे. मग सांगायचं की एका गिऱ्हाईकाने जुने पडदे मोडीत दिले, त्यात गुंडाळलेली टेप निघाली. कधीही पडद्यावर न आलेल्या चित्रपटाची. संगीतकार अज्ञात. (पडद्यावर न आलेलं, पडद्यात सापडलेलं. मला सुचतं ते सुचतंच.) दाढ डोक्यावर घेऊन नाचणार. आणि भर बैठकीत मी उठून म्हणणार, 'हे मी वाजवलंय. दोन बोटांनी.'

खुर्ची आपोआप परत.

मला कीबोर्ड येत नाही. पण त्याने फरक पडत नाही. शांतता जास्त ठेवेन.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फोनवर रेकॉर्डिंग झालं! ही बाजारात गेल्याची संधी साधली. दुकानातून जाड मखमली पडदे आणले होते, ते दिवाणखान्यात चारी बाजूंनी टांगले आणि मधे तंबूत बसलो. आवाज बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. चार सूर, मग शांतता. पुन्हा चार सूर, आणखी मोठी शांतता. शेवटी एकच सूर, बोट दुखेपर्यंत दाबून धरला.

पुन्हापुन्हा ऐकलं. सूर ठीक आहेत. शांतता मात्र निर्दोष. अशी शांतता व्यवसायातल्या माणसांनाही जमत नाही.

हिने मात्र कारण नसताना बोलणं टाकलंय. म्हणे दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात उभी होते, बेल दाबून दाबून बोट मोडलं, शेवटी शेजाऱ्यांकडे बसले. मी म्हटलं, बेल बंद आहे हे तुला माहीत नाही? तर माझ्याकडे नुसतंच बघितलं. बघण्यात काय होतं ते कळलं नाही. राग असावा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ग्रुपवर टाकलं. 'आज ऐकतोय: पडद्यात सापडलेली टेप.' खाली टेपची कहाणी. कहाणीतला कुबट वास मीच घातला. तोही जमला.

दुपारपर्यंत कुणी काही बोललं नाही. गिऱ्हाईकाला अस्तर दाखवता दाखवता फोन बघत होतो. अस्तर उलटं दाखवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गळाला लागली!

आधी ग्रंथपालबाई: 'त्या चिवचिवाटाने अंगावर काटा आला.' बाई पुस्तकांत राहून राहून अशा बोलतात. मग दाढ, चक्क परिच्छेद: 'अशा ठिकाणी असा पक्षी आणण्याची हिंमत मी आजवर कुणात पाहिली नाही.' पक्षी! माझ्या दोन बोटांना दाढ पक्षी म्हणते. शिट्टी मास्तरांनीही पक्ष्याला तीन टाळ्या दिल्या. आता सगळा ग्रुप पक्षी पक्षी करतोय. एकाने उपमा दिली की बाकीचे तिच्याच मागे धावतात.

दाढेने जाहीर केलंय, रविवारी खास बैठक, मोठ्या स्पीकरवर हीच टेप.

हिला म्हटलं, या रविवारी तूही चल. पार्श्वभाग मंडळात तुझा नवरा कोण आहे ते एकदा बघ. ती येते म्हणाली. कपडे कोणते घालू? निळा शर्ट. विजयाला निळा बरा दिसतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

लिहिणार नव्हतो.

गेलो. मधल्या खुर्चीवर दाढ स्वतः बसली होती. मला पुन्हा स्पीकरच्या तोंडाशी. म्हटलं, बस, अजून थोडा वेळ बस. ही दाराजवळच्या बाकावर, मासिकं ठेवतात तिथे.

टेप लावली. माझे चार सूर त्या खोलीत असे काही भरले की मलाच गहिवरून आलं. मग माझी शांतता. बघतो तर सगळ्यांचे चेहरे उजळले. ग्रंथपालबाईंनी डोळे मिटले. मास्तरांनी बोट वर करून 'हा बघा, हा बघा' केलं. मी मनात म्हटलं, शांतता अशी पोचते. दाढ तज्ज्ञाच्या थाटात समजावत होती, 'हा पक्षी तीनदा येतो. पहिल्यांदा हळूच. मग घाईने. आणि शेवटी एकदम चिडून, थांबतच नाही. म्हणजे कुणीतरी आत घ्या म्हणतंय आणि कुणी घेत नाहीये.'

मागे ही खोकली.

टेप संपली. मी उठलो, शर्ट सारखा केला आणि म्हणालो, 'हे मी वाजवलंय. घरी. दोन बोटांनी.' सन्नाटा. अगदी ठरवल्याप्रमाणे. दाढेचं तोंड उघडंच राहिलं, आणि तिच्या तोंडात मी पहिल्यांदाच बघत होतो. तिची एक दाढ भरलेली आहे.

मग मास्तरांनी विचारलं, 'आणि पक्षी? तो कुठून आणलात?'

मी म्हणालो, 'कुठला पक्षी?'

सगळे हसायला लागणार होते, तेवढ्यात ही बाकावरून म्हणाली, 'अहो, ती आपली बेल आहे. मी वाजवत होते.'

मग हसले. मास्तर तर खुर्चीसकट हलले. मी म्हणालो, बेल बंद आहे. ही म्हणाली, बेल पहिल्या दिवसापासून चालू आहे. मी म्हणालो, चला, पुन्हा लावा, दाखवा मला कुठे आहे.

दाढ हसत नव्हती. तिने टेप परत लावली, आवाज वाढवला आणि मला म्हणाली, 'आला की हात वर करा.'

मी स्पीकरला कान लावून उभा राहिलो. चार सूर आले. मग शांतता आली. चार सूर. शांतता. शेवटचा लांब सूर आला आणि संपला.

हात वर केला नाही. वर करण्यासारखं काही वाजलंच नव्हतं.

मागे वळलो तेव्हा कुणीही हसत नव्हतं. मास्तर चपलांकडे बघत होते. ही रडत होती. दाढ नुसतं म्हणाली, 'म्हणून मी तुम्हाला स्पीकरजवळ बसवत होतो.'

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ग्रुप सोडला.

सोडला की दाढ परत आत घेते. पुन्हा सोडला. पुन्हा घेतलं. दिवसभर हेच. दुकानात लक्ष नाही. शेवटी कंटाळून आतच राहिलो. तो माझा पराभव समजू नये.

हे सगळं कारस्थान आहे. स्पीकरमधून काहीतरी काढून टाकलं असणार. हिलाही सामील करून घेतलं. लेकीचा फोन आला, तीही 'बाबा, बाबा' करत होती. बेल तिनेच पाठवली होती, हे विसरून चालणार नाही.

२ मार्च, रविवार

बैठकीला गेलो नाही. दाढेने फोन केला. तिच्या वर्गातला एक मित्र कानांचा डॉक्टर आहे, बुधवारची वेळ घेऊन ठेवलीय म्हणाली. न विचारता! मी जाणार नाही. कानसेनाचे कान तपासायचे? जीव गेला तरी चालेल.

५ मार्च, बुधवार

गेलो. निव्वळ दाढेला खोटं पाडायला.

काचेच्या पेटीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी मन लावून बसलो, मधल्या खुर्चीवर बसतो तसा. बराच वेळ काहीच सुरू करेनात. म्हटलं यंत्र बिघडलंय. काचेतून बाहेर बघितलं तर डॉक्टर माझ्याकडे बघत होता आणि ही त्याच्याकडे.

सुरू केव्हाच झालं होतं.

डॉक्टर म्हणाला, बारीक, उंच आवाज गेलेत. हळूहळू गेलेत, म्हणून कळलं नाही. काही अक्षरंही अर्धी ऐकू येत असतील. 'स'सारखी.

सात फूट.

शिंप्याला घरी येऊन फोन केला आणि तो पडदा एक फूट कमी करायला सांगितला. का ते सांगितलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

यंत्र मिळालं. शेंगदाण्याएवढं आहे, कानामागे बसतं.

सकाळपासून हैराण. नळ ओरडतो. वर्तमानपत्र ओरडतं. ही स्वयंपाक करताना माझ्याबद्दल सारखं काहीतरी पुटपुटते. इतकी वर्षं मला वाटायचं गुणगुणते.

बेल वाजली. खरंच वाजली, मी ऐकली, धावत गेलो. दारात कुणी नाही. परत येऊन बसलो, पुन्हा वाजली. पुन्हा कुणी नाही. दाढेने कुणाला तरी पाठवलंय म्हणून जिन्यात ओरडून आलो. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा हिने माझा हात धरून खिडकीशी नेलं. गजावर चिमणी बसली होती.

विचारलं, ही केव्हापासून येते? म्हणाली, 'रोजच.'

१६ मार्च, रविवार

बैठकीला जायला अजून वेळ आहे. दीपगृहाची तबकडी लावली. माझीच, मूळ. यंत्र नीट बसवलं आणि दुसऱ्या मिनिटाची वाट बघत बसलो. नसली तर दातांच्या डॉक्टरांना खाऊन टाकीन, असली तर काय करायचं ते ठरलं नव्हतं.

बासरी आहे.

खूप उंच, खूप बारीक. आणि ओळखीची. पुढचा सूर कुठे जाणार हे मला आधीच कळत होतं. म्हणजे कधीतरी मी ती ऐकली होती, आवडीने ऐकली होती, आणि केव्हा गेली ते मला कळलं नाही. रडलो. ही आत होती, तरी तिला ऐकू आलं. तिचे कान उत्तम आहेत.

ग्रुपवर लिहिलं, 'आज ऐकतोय: दीपगृह, दुसरं मिनिट.' जास्त काही नाही. डॉक्टरांना जे समजायचं ते समजेल.

समजलं. त्यांनी अंगठा पाठवला. फक्त अंगठा! एवढं लिहिलं आणि अंगठा दाखवतात. हे लक्षात ठेवणार आहे. मधली खुर्ची त्यांनी स्वतःहून दिली तर घेईन, मागणार मात्र नाही.

खात्रीसाठी तबकडी परत लावली. आहे.