बाथरूमच्या फटी मी स्वतः भरतो

५ जानेवारी, सोमवार
निर्णय झाला. बाथरूमच्या टाईल्सच्या फटी मी स्वतः भरणार. शॉवरखालचं जुनं ग्राऊट झडलंय. पाणी आत मुरतं आणि पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. त्याच खोलीत आमच्या मेघाचं बाळंतपण करायचं आहे. ती रविवारी, अठराला, नागपूरहून येते. तिच्या सासूबाई शोभाबाई सोबत येऊन खोली बघणार. ओल दिसली तर पोरीला परत घेऊन जाईन, असं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलंय.
बायको रक्षा म्हणाली, मिस्त्रीले बोलवा. मी म्हटलं, काऊन? आयुष्यभर देवळीत कापडाचं दुकान चालवलं. सरळ रेघ माझ्या हातात आहे. शिवाय काल दिवसभर व्हिडिओ पाहिले. दोन संध्याकाळचं काम.
रक्षा स्वयंपाकघरात निघून गेली. पटलं असावं.

७ जानेवारी, बुधवार
वर्ध्याला जाऊन सामान आणलं. ग्राऊटची पावडर, सिलिकॉनच्या नळ्या, सिलिकॉनची गन. दुकानदार रंगांचं कार्ड दाखवत होता. मी म्हटलं, रंग मला दाखवू नका, माझा धंदाच तो. आयव्हरी घेतला. पांढऱ्या टाईल्सवर रॉयल दिसेल.
गन फार छान आहे. घरी येईपर्यंत दोनदा चालवून पाहिली. पँट धुवायला टाकली.

८ जानेवारी, गुरुवार
जुनं ग्राऊट खरवडायला सुरुवात. स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी. एका टाईलचा कोपरा उडाला. एका अर्थी बरंच झालं, तिथे नवा माल जास्त पकडेल. समोर साबणाचं स्टँड ठेवलं.
संध्याकाळी आणखी एक उडाला. रक्षाला दुसरं स्टँड आणायला सांगितलं.

१० जानेवारी, शनिवार
खरवडणं संपलं. मान डावीकडे वळत नाही. उजवीकडे वळते. गिऱ्हाईकं उजवीकडे उभी केली.
आजपासून बाथरूममध्ये आंघोळ बंद. मागच्या अंगणात पत्रा उभा करून सोय केली. रक्षा म्हणाली, या थंडीत मी तं अंगनात नाई न्हात, आणि टॉवेल घेऊन शेजारी भैय्याजींकडे गेली. मी मात्र उघड्यावर गार पाण्याने केली. रक्ताभिसरण सुधारतं. हे रोज करणार.

११ जानेवारी, रविवार
भैय्याजींकडे गेलो होतो. फक्त त्यांचं ग्राऊट बघायला. आत गेलोच होतो म्हणून आंघोळ केली. त्यांचा गिझर चांगला आहे. भैय्याजी म्हणाले, प्रफुलभाऊ, रोज येत जा ना, आपलंच घर समजा. माणूस मोठ्या मनाचा, पण थोडा चोंबडा. काम कुठवर आलं, हे तीनदा विचारलं.

१२ जानेवारी, सोमवार
व्हिडिओत सांगतात, पावडर थोडी थोडी कालवा. त्या माणसाला दुसरं काम नसावं. मी सगळी एकदम कालवली, वेळ वाचतो. तेवढ्यात एका बाईचा फोन आला, ब्लाऊजपीस मॅचिंग मिळेल का. समजावून परत येतो तर बादलीत दगड. काडी उभी राहिली ती उभीच.
बादली रक्षाची होती. ती म्हणाली, मी काहीच म्हनून नाई राह्यली. पण म्हणण्याची पद्धत असते.
पुन्हा वर्धा.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
ग्राऊट भरलं! अख्खं! स्वतः! ओलं होतं तेव्हा आयव्हरीच वाटत होतं. वाळल्यावर चॉकलेटी झालं. दुसऱ्या वेळी पाकीट बघून घ्यायचं राहिलं. चूक दुकानदाराची. रक्षा म्हणाली, सणाच्या दिवशी तिळगुळाचा रंग आणला तुमी.
संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ओळीने बाथरूम पाहिलं. एकीने विचारलं, भाऊजी, हे डिझाईन आहे का? मी हो म्हटलं. आता ते डिझाईन आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार
सिलिकॉन. कोपरे, कडा, नळाभोवती, सगळीकडे मारलं. काटकसर केली नाही. जमिनीतल्या जाळीच्या कडेनेही मारलं, म्हणजे तिथूनही गळायला नको. आत थोडं जास्त गेलं असावं. मिशीला लागलेलं निघेना, मिशी काढली. तरुण दिसतो.
दुपारी पाण्याची टेस्ट. बादली ओतली. पाणी उभं राहिलं ते हललंच नाही. शंभर टक्के वॉटरप्रूफ. रक्षा म्हणाली, जाळीतून तरी जाऊ द्या त्याले. ब्लेडने जाळी मोकळी केली. बोट कापलं. किरकोळ.

१७ जानेवारी, शनिवार
रक्षाने खोलीत बोलावलं. ओल वाढली आहे. पोपडे पलंगापर्यंत आले. ती म्हणाली, आठ दिवसांपासून इथी कोनीच नाई न्हालं, मंग पानी कुठून येऊन राह्यलं? मी समजावलं की जुनी ओल जाण्याआधी एकदा बाहेर येते. हे व्हिडिओत नाही, पण तर्काला धरून आहे.
मग तिला शोभाबाईंशी फोनवर बोलताना ऐकलं. मिस्त्री लावला आहे, काम होऊन जाते, असं सांगत होती. मला मिस्त्री म्हणाली. इतक्या वर्षांत कधी कौतुक केलं नव्हतं.
फोन ठेवून ती मेघाच्या पलंगावरचे पोपडे झटकायला लागली. मी कपाट सरकवून ओल झाकली. कपाट लहान पडलं.

१८ जानेवारी, रविवार
मंडळी आली. मेघा चांगली गोल झाली आहे. मला बघून म्हणाली, बाबा, मिशी कुठं गेली?
पोरगी खोलीत गेली, कपाटाच्या मागे हात घातला, भिंतीला कान लावला. म्हणाली, बाबा, सारे नळ बंद आहेत ना? मंग आत पानी वाजून राह्यलं. भिंतीतला पाईप फुटला आहे.
मीही कान लावला. वाजत होतं.
म्हणजे गळती फटींतून नव्हतीच. म्हणजे माझ्या कामात दोष नव्हता! फटींच्या कामात दोष नाही, एवढं मी सगळ्यांना सांगितलं. कुणी विशेष दाद दिली नाही. शोभाबाईंनी भिंतीचा एक पोपडा नखाने काढून पाहिला. रक्षाचा चेहरा उतरला. तिला म्हटलं, पोरगी कुठेच जात नाही. हे मात्र मी कशाच्या भरवशावर म्हटलं, माहीत नाही.

२० जानेवारी, मंगळवार
प्लंबर आला. भिंत फोडली. फुटका पाईप निघाला, बदलला. माझ्या टाईल्स एकेक करून निघेनात, सगळी रांग एकत्र आली. ग्राऊटची पकड जबरदस्त. प्लंबरलाही दाखवली. तो घाम पुसत होता.
समोरच्या खोलीत ऊन येते, भिंत वाळेपर्यंत मेघा तिथेच झोपेल, असं शोभाबाईंनी स्वतःच ठरवलं. पलंगही स्वतःच सरकवून घेतला. रक्षा सकाळपासून गुणगुणते आहे.
दुपारी सगळे जेवायला बसलो. शोभाबाई म्हणाल्या, पाईपाचं राहू द्या, पन त्या फटी भरनाऱ्या मिस्त्रीनं तुमच्या बाथरूमचा पार सत्यानास केला. त्याले पुन्हा घरात घेऊ नका.
रक्षा माझ्या ताटात पोळी वाढत होती. म्हणाली, आता पानावर बसला आहे, तं जेवू द्या बिचाऱ्याले.
मेघा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. शोभाबाईंनी पदर तोंडाला लावला.
मी मान खाली घालून जेवलो. वांग्याची भाजी चांगली झाली होती.