पंच्याऐंशीची लेन्स

५ जानेवारी, रविवार

नसीमने पिको-फॉलचं मशीन विकलं. सकाळी टेम्पो आला नि घेऊन गेला. सासरहून परत आल्यापासून नऊ वर्षं लेक त्याच मशीनवर बसली. निम्म्या लोणंदच्या साड्यांच्या कडा तिच्या हाताखालून गेल्या असतील. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती कोपरा झाडत होती. म्हणाली, "अब्बा, इथं आता पडदा लावायचा. फोटोसाठी."

मलाच करमेना. ती घरघर बंद झाली की दुपार फार लांब होते.

८ जानेवारी, बुधवार

बेत असा. आमच्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोवाला जात नाही. भाच्या-पुतण्या मोबाइलवर काढतात, हललेले, निम्मी डोकी कापलेले. नसीमनेही मोबाइलवरच दोन-तीन लग्नं काढली, पण नीट. बोलबाला झाला. आता मागच्या गल्लीतल्या सनाचं लग्न आलंय, ९ फेब्रु. सनाची खाला, म्हणजे मावशी, जुबेदा काल स्वतः येऊन सांगून गेली. आई गेल्यावर सनाला हिनंच वाढवलं.

"आमच्या बाजूचं समदं तूच काढायचं. पर एक ध्यानात ठेव, गड्यामाणसाच्या नजरंला फोटो पडाय नगंत."

नसीमनं शब्द दिला. म्हणजे मलाही दिसायचे नाहीत. खाला पुढं म्हणाली, "ह्ये चांगलं झालं तर ईदनंतर मेढ्याला माज्या नणंदंच्या पोरीचं हाय. तितंबी तूच."

मशीन विकून आणि साठवलेले मिळून पंचेचाळीस हजार. त्यात सगळं बसवायचं. नसीमची यादी: सेकंडहँड कॅमेरा, म्हणजे नुसती बॉडी. जवळचं-लांबचं दोन्ही काढणारी सतरा-पन्नासची झूम लेन्स. फ्लॅश. जादा बॅटरी, दोन कार्डं. उरले तर घरी छापायचा छोटा प्रिंटर, कारण लॅबमध्ये सगळे पुरुष.

मी यादी वाचली. मास्तर असूनही लाल पेनाने कुठं काही दुरुस्त करण्यासारखं सापडलं नाही.

१२ जानेवारी, रवि.

सांगलीला जाऊन आलो. सकाळची गाडी, खिडकीची जागा. कऱ्हाडच्या पुढं दोन्ही बाजूंना उसाला तुरे. पूर्वी या दिवसांत वर्गाच्या खिडक्या उघडून कविता घ्यायचो. अर्थ सांगायचा नाही, आधी चालीवर म्हणायची, मग डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचं, काय दिसतंय? नसीमला हे सांगत होतो. ती यादी वाचत होती.

दुकान पेठेत, वरच्या मजल्यावर. दुकानदार सुहास माझा विद्यार्थी, मी सांगलीला होतो तेव्हाचा. पाया पडला. टक्कल पडलंय त्याला. नसीमची यादी बघून म्हणाला, "ताईंनी बरोबर लिवलंय. लग्नात जागा आपल्या हातात नसते. झूम पायजेच." एक जुनी बॉडी काढली, कोपरे घासलेले पण आतून चांगली. तिच्याबरोबरची साधी लेन्सही होती.

मग सहज म्हणून त्यानं कपाटातून दुसरी एक लेन्स काढली. जाड, जड, पुढचं भिंग मोठं. "गुरुजी, गंमत दाखवतो. ही पंच्याऐंशीची. पोर्ट्रेटची." नसीमला दाराशी उभं केलं, स्वतः पार मागच्या भिंतीला टेकला नि एक फोटो काढला.

पडद्यावर बघितलं. मागचा सज्जा, समोरच्या माड्या, पाट्या सगळं विरघळून गेलेलं, पाण्यात रंग सोडल्यासारखं. आणि पुढं तो चेहरा. पापणीचा केसन् केस. जराशी मान कललेली.

मी म्हणालो, हीच घ्यायची.

नसीम म्हणाली, "अब्बा, ही लांबनं काढायची हाय. आपल्याला घरात काढायचंय." सुहासही चाचरला. "गुरुजी, ह्या बॉडीचा सेन्सर बारका. त्याच्यावर ही अजून लांबची हुती. पहिल्यांदा झूम आन फ्लॅश घ्या, ही पुढच्या वर्षी..." मी त्याला म्हणालो, तुला चौथीत नुसतं पाठ करू दिलं नाही, बघायला शिकवलं, आणि आज तू मला फ्लॅशच्या गोष्टी सांगतोस? तो हसला, मान खाली घातली. "तुमी म्हणताय तर बरं." शिक्षकाशी वाद घालायची रीत नाही आमच्याकडे.

किंमत बसेना. मग मीच तोड काढली. बॉडीबरोबरची साधी लेन्स परत घे, तेवढे कमी कर. त्यानं केले. फ्लॅश राहिला, प्रिंटर राहिला. जिना उतरताना मी खूश. काय घासाघीस केली म्हणून.

येताना नसीम गाडीत खिडकीला डोकं टेकून बसली. मला वाटलं दमली असेल.

१९ जाने.

परसात कोंबड्या, लिंबाचं झाड, शेजारची तान्ही, सगळ्यांचे फोटो झाले. सुंदर येतात. लिंबाचं एक पान असं आलंय की त्यावर वर्गात तासभर बोललो असतो.

नसीम कुंपणाला पाठ लावून उभी होती. "लय मागं जावं लागतंय अब्बा."

मी म्हणालो, लांबून बघितल्याशिवाय सौंदर्य कळत नाही. वाक्य चांगलं जमलं म्हणून इथं लिहून ठेवतोय. 

२६ जाने., रविवार

झेंडावंदनाला जुन्या शाळेत गेलो होतो. मुलं आता कविता मोबाइलवर ऐकतात. परत आलो. नसीम कॅमेऱ्याचं पुस्तक वाचत होती, ओठ हलवत. तिची आई, रझियासुद्धा पत्र वाचताना अशीच.

लिहून टाकतो एकदाचं. लग्न झालं त्या वर्षी रझियाला साताऱ्याला नेलं होतं, फोटोसाठी. तिनं हिरवी साडी नेसलेली, माहेरची. स्टुडिओ वर होता. जिना चढलो, दार उघडं. आत एका बाईचा फोटो चाललेला, आणि फोटोवाला तिच्या हनुवटीला बोट लावून मान वळवत होता. तेव्हा तशीच पद्धत होती, सगळेच करायचे. मी तिथूनच मागं फिरलो. तिला म्हणालो, गर्दी आहे, पुन्हा येऊ. तिनं आत बघितलेलं होतं.  बसमध्ये साडीचा पदर घडी करत बसली होती मांडीवर.

पुन्हा गेलो नाही. अकरा वर्षं झाली तिला जाऊन. मतदान कार्डावरचा तो एवढासा काळा चौकोन, तेवढीच ती आहे माझ्याकडे.

सांगलीला पडद्यावर मी नसीमला बघितलंच नव्हतं.

९ फेब्रुवारी, रवि.

सनाचं लग्न. मी अर्थात पुरुषांच्या मांडवात. बिर्याणी बरी, मीठ कमी. वडूजहून आलेल्या वऱ्हाडातले दोघे-तिघे शेजारी बसलेले, त्यांना मी लेन्सचं सांगितलं. मागचं सगळं कसं विरघळतं ते. एक जण म्हणाला, "गुर्जी, आमच्या म्हातारीचा काढाय पायजे मग, सुरकुत्या इरगळतील." सगळे हसले. मीही.

बायकांची व्यवस्था आतल्या खोलीत होती. मला ते घर माहीत आहे. ती खोली दहा बाय बारा. त्यात कपाट, पलंग, चाळीस बाया. हे मला जेवताना आठवलं. ताट बाजूला सारलं.

संध्याकाळी नसीम आली ती सरळ हातपाय धुवायला. खांद्याला लोखंडी कपाटाच्या मुठीचा वळ. "मागं सरकायला जागाच न्हवती," एवढंच.

१० फेब्रु.

ती दिवसभर पडदा ओढून आत, फोटो बघत. मी बाहेर. विचारायचंही कसं? मला त्यातला एकही दिसणार नाही. ज्या लेन्ससाठी मी हट्ट धरला, तिनं काय पाहिलं ते मला कधीच कळायचं नाही, दुसऱ्याच्या तोंडूनच काय ते.

दुपारी चहा दिला तेव्हा तीच बोलली. सनाचे एकटीचे आठ-दहा फार छान आलेत. बाकी, एका फोटोत दोन माणसांपेक्षा जास्त मावतच नव्हती. घोळके सगळे मोबाइलवर काढावे लागले. खोलीत उजेड नाही, फ्लॅश नाही, म्हणून लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवावं लागलं. मग एक चेहरा स्पष्ट की त्याच्या वीतभर मागचा धुरकट.

मी म्हणालो, असू दे गं, त्यातच काव्य असतं.

म्हणू नये ते म्हणालो. ती कप घेऊन आत गेली.

१३ फेब्रु., गुरुवार

खाला फोटो बघायला आली. मी ओसरीवर. पडद्याआडून ऐकू येत होतं. आधी बराच वेळ कौतुक. "आगं बया, कशी दिसतीया माजी पोर." मग हळूहळू आवाज उतरला.

"ही कोण मागं?"

"नणंद हाय न्हवं सनाची."

"वळखू येईना." थोड्या वेळानं, "आन ह्यो?"

"निघतानाचा. तुमी तिला जवळ घेतलंय."

मग नुसता पंख्याचा आवाज. मग खाला म्हणाली, अगदी सावकाश, रागानं नाही, "सनाच्या डोळ्यातलं पानी दिसतंय पोरी. पर मी कुटं हाय? ह्यो नुस्ता धूर हाय."

नसीम म्हणाली, "चुकलं खाला." माझं नाव घेतलं नाही तिनं. लेन्स अब्बांनी निवडली, असं एकदासुद्धा नाही.

जाताना खाला ओसरीवर थांबली. मी उठून उभा राहिलो. "मास्तर, पोरीचा हात चांगला हाय," म्हणाली. मेढ्याचं काही बोलली नाही. 

१४ फेब्रु.

सकाळी नसीमला म्हणालो, मी आजच्या गाडीनं सांगलीला जातो. सुहासला सांगतो, ही घे, झूम दे. माझं ऐकेल तो.

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अब्बा, तुमी आता काई ठरवू नगा."

आवाज चढला नव्हता. म्हणूनच लागला.

आज आणखी एक कळलं. मशीनच गेलं म्हटल्यावर तिच्या पिकोच्या गिऱ्हाइकांतल्या दोघी स्टँडजवळच्या नव्या दुकानात जातात. उद्या तिला परत शिवायचं म्हटलं तरी मशीन नाही नि गिऱ्हाईक नाही.

दर वर्षी चाळीस मुलांना मी डोळे मिटून बघायला शिकवलं. उघडून बघा, कडेला कोण उभं आहे तेही बघा, असं कधी सांगितल्याचं आठवत नाही.

१६ फेब्रु., रवि.

नसीमनं स्वतःच सुहासला फोन केला. स्पीकर चालू होता. तो लेन्स परत घ्यायला तयार आहे, थोडं नुकसान सोसावं लागेल. पण त्याच्याकडची सतरा-पन्नास विकली गेली. दुसरी आली तर कळवतो म्हणाला. "ताई, त्या दिवशी मीच ठाम ऱ्हायला पायजे हुतं. गुरुजींम्होरं जीभ रेटंना." ती म्हणाली, "माझीबी न्हाई रेटली."

मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो, उलटं नव्हतं पण वाचतही नव्हतो.

१८ फेब्रु., मंगळ.

नसीम काल खालाकडे जाऊन आली. आज सांगितलं. या शुक्रवारी सना जुमगीला येणार आहे, लग्नानंतर नवरा-नवरी पहिल्या शुक्रवारांना माहेरी जेवायला येतात ती. लग्नाचे कपडे, दागिने घालूनच येते पोरगी. नसीमनं विचारलं, त्या दिवशी दोघींचा परत काढू का? पैसे नकोत.

खाला म्हणाली म्हणे, "आगं, त्या दिवशीचं रडू आता कुटनं आणू?"

"रडू नगा. नुसत्या शेजारी बसा. एका रेषेत. म्हंजी दोगीबी येशीला."

खाला बघू म्हणाली. आणि आमच्या परसात या, तिथं मागं सरकायला जागा आहे, असंही नसीमनं सांगितलं. खालाचं म्हणणं, परसात गडीमाणूस असतं. नसीम म्हणाली, "नसंल त्या दिवशी."

गडीमाणूस म्हणजे मी.

२० फेब्रु., गुरु.

परस झाडून काढलं. कपडे वाळत घालायच्या ताराही सोडल्या. शेजारच्यांच्या गच्चीवरून दिसू नये म्हणून दोन जुन्या चादरी बांधल्या. शिडी नसीमनं धरली. लिंबापासून कुंपणापर्यंत पावलं टाकून बघितली, तेरा. पुरतील? विचारणार होतो. नाही विचारलं.

"येणार म्हणाली का खाला?"

"न्हाई म्हणाली न्हाई."

२१ फेब्रु., शुक्रवार

स्टेशनवर बसून लिहितोय. जुम्म्याची नमाज झाली, मशिदीतून घरी न जाता इकडेच आलो. निघताना नसीमनं डबा दिला होता, "मी फोन केल्यावरच या." कॅमेरा टेबलावर होता. लेन्सवर फुंकर मारून पुसत होती. अशा वेळी ती मला विसरलेली असते, ते बरं वाटतं.

मशिदीबाहेर सनाचा नवरा भेटला, सासऱ्याबरोबर. म्हणजे पोरगी आली आहे. खाला तिला घेऊन आमच्या घरी गेली की नाही, हे त्याला विचारणं बरं दिसलं नसतं.

मिरजेकडची पॅसेंजर येऊन गेली. फलाटावर कांद्याच्या पाती, ऊन. समोरच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची सून केळी खातायत. मी दोघींकडे बघत होतो, दोघी एका वेळी दिसतात का म्हणून. दिसतात. डोळ्याला काही अडचण नसते.

आता वेळ पावणेचार. सुहासचा फोन येऊन गेला.

"गुरुजी, सतरा-पन्नास आली एक. चांगली हाय. दुसरं गिऱ्हाईक म्होरं उभं हाय, ठेवू का बाजूला?"

तोंडाशी आलं होतं, ठेव.

"मला नको विचारू. नसीमला विचार."

"त्या उचलंनात."

"मग कामात असेल."

"तवर काय सांगू ह्यांला? तुमी हो म्हणा की, मी ठेवतो."

मी म्हणालो, "मी नाही सांगत सुहास. तिचं ती सांगेल. पाच मिनिटं थांबव त्यांना, नाहीतर देऊन टाक."

त्यानं नुसतं 'अं' केलं. चौथीत फळ्यावरचा प्रश्न न कळल्यावर करायचा तसं. मग बरं म्हणून ठेवला.

पाच मिनिटं कधीच होऊन गेली. ती फोन उचलत नाही म्हणजे हातात कॅमेरा आहे. म्हणजे खाला आली असेल. किंवा आली नाही, आणि नसीम परसात एकटीच कॅमेरा धरून उभी असेल. तिचा फोन येईपर्यंत मी इथंच.