जीपला पाजलेलं गंगाजल

॥ श्री कानिफनाथ प्रसन्न ॥
शेवगाव, ता. २० मार्च १९७२

चि. कानिफनाथ यास, रतनबाई आजीचे अ. उ. आ. इकडं समदी खुशाल. तुझी खुशाली कळवत जा, दोन ओळी का हुईना.

पाडवा झाला. मढीच्या जत्रेत तुझ्या नावाची रेवडी वाटली. चांगुणाकाकू म्हणली, ज्याचं नाव तो पुण्यात, रेवडी मात्र आपण खायची. मी म्हणलं, तू दोनदा घेतलीस, आता गप बस. पण खरं सांगू, मलाबी गोड लागली न्हाई. लढाई संपून तीन महिने झाले, अजून फौजेतनं रजा न्हाई का रे? पुणं ते नगर एका यष्टीचं अंतर.

आता मुद्द्याचं. तुझ्या आजोबांची जीप बसली. तू मागं लिवलं हुतंस, बॅटरीत फक्त शुद्ध पाणी घालत जा, विहिरीचं नको. आता गंगाजलाहून शुद्ध काय असतं? आजोबांनी काशीहून आणलेला गडू हुता, माझ्या शेवटच्या घोटाला ठेवलेला. त्याची लाख फोडली आन समद्या भोकांत वतलं. चार दिस चालली, मग घुर्र करून गप. तुझा बन्सीकाका म्हणतो, अक्षय तृतीयेपत्तुर चालू झाली न्हाई तर भंगारवाल्याला देतो. आठ वर्साचा असल्यापासून तू आजोबांसंगं तिच्या पोटात डोकं घालून बसायचास. तूच ये आन तिला उठव. माझा शेवटचा घोट जीप प्यायली, आता तू आल्याबिगर मला मरायची बी सोय न्हाई.

तुझं अक्षर असं वाकडं का झालं रे? माझं दुसरी नापासाचं अक्षर त्यापरीस सरळ हाय.

लोभ हाय तसा ठेव, आन पत्राच्या जागी एकदा तूच ये.
आजी

पुणे, ता. २ एप्रिल १९७२

ती. आजीस, कानिफचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकला. आजी, गंगाजल माणसाला तारतं, बॅटरीला नाही. तिला बाटलीत मिळणारं, वाफ थंड करून केलेलं पाणी लागतं. आपली बॅटरी मोक्षाला गेली. काकाला म्हणावं, केडगावच्या गॅरेजातून चार्ज केलेली नवीन आण. बसव तू. भिऊ नको.

किल्ली बंद ठेव. हातातले चांदीचे गोठ काढ, धातूतून वीज धावते. बॅटरीवर दोन खुणा असतात, एक बेरजेची फुली, एक आडवी रेघ. रेघेची तार आधी सोड, मग फुलीची. वरची पट्टी काढून बॅटरी उचल. जड आहे, काकूला हात लावायला सांग. कलती करू नको, तेजाब सांडेल. नवी बसवताना उलट, फुलीची आधी, रेघेची शेवटी. पाना दोन्हीकडे एकदम टेकू देऊ नको, ठिणगी उडते. तार एका हाताने धरायची, नट दुसऱ्याने आवळायचा. दोन हात लागतात.

मला इतक्यात रजा नाही. घाईत लिहितो, म्हणून अक्षर तसं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा कानिफ

शेवगाव, ता. १६ एप्रिल १९७२

चि. कानिफनाथ यास आजीचे अ. उ. आ.

जीप बोलली रे बोलली!

गोठ उतरवायला साबण लागला, चाळीस वर्सं हाताबाहेर आलं नव्हतं. तारा बघते तर दोन्ही काळ्या कुळकुळीत. मग सोडायच्या आधीच फुलीच्या तारेला देव्हाऱ्यातलं कुंकू लावलं, रेघेच्या तारेला काजळ. काजळाची आधी निघती आन शेवटी येती, पाठ करायला सोपं. आपली चांगुणा तशीच, कामाला शेवटी येती, आधी निघती. हे मी मोठ्यानं म्हणलं. ती रुसली, पण बॅटरी तिनंच उचलली. बन्सी लांबून सांगत हुता, शॉक बसंल, शॉक बसंल. पायानं बटन दाबलं, जीप सुरू! भोंगा इतका वाजवला की कोंबड्या छपरावर. भंगारवाल्याला निरोप गेला, येऊ नको म्हणून.

एक इचारू? तू लिवलंस, दोन हात लागत्यात. तू तर गप्पा मारत बॅटरी बदलायचास, हात मोजायची पाळी तुझ्यावर कधी आली नव्हती. आन घाई काय महिनोन्महिने टिकत न्हाई. खरं लिव. वाकडं लिव, पण खरं लिव.

तुझ्या उत्तराकडं डोळं लावून,
आजी

पुणे, ता. २३ एप्रिल १९७२

ती. आजीस सा. न. वि. वि.

लढाईत गाडी दुरुस्त करत होतो, जवळ गोळा पडला. उजवा हात मनगटाच्या वरून काढला. तेव्हापासून इस्पितळात आहे. हे डाव्या हाताचं अक्षर.

५ मेला, शुक्रवारी, सोडतील. पण घरी येऊन काय करू? पाना धरता येत नाही, गेर टाकायचा हातच गेला. आजोबांच्या जीपपुढे उभं राहायचा धीर होत नाही. काही दिवस इथेच राहीन म्हणतो. रागावू नकोस.
कानिफ

शेवगाव, ता. २९ एप्रिल १९७२

चि. कानिफनाथ यास आजीचे अ. उ. आ.

पत्र वाचलं आन चुलीपाशी बसून राहिले. तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली. मग उठले आन बन्सीला जीपमधी बसवलं.

आता नीट वाच. शुक्रवारी नगरच्या यष्टी स्टँडवर उतर. जाताना बन्सी चालवील, येताना तो मागं बसंल. आपली जीप मिलिट्रीची, चाक डाव्या अंगाला, गेरचा दांडा मधी. आजोबा चालवायचे तवा तो माझ्या गुडघ्याला लागायचा आन मी वाटभर कुरकुरायची. आता तोच दांडा मी शिकती हाय. बन्सी क्लच दाबून हाक मारतो, मी वढते. दोनदा कराकरा वाजलं, चांगुणा खिदळली, तिसऱ्या बारीला बरोबर बसला.

चाक तू धर. गेर मी टाकते.

गोठ अजून डब्यातच हायेत. तुला घरी आणल्यावर घालीन. वाट बघते असं लिवत न्हाई, घ्यायलाच येते.
तुझी आजी