वाघाला नाही म्हणाले

बा, तू गेलास त्याला वीस पावसाळे झाले. इतक्या वर्षांत तुझ्याशी बोलायची मला कधी गरज पडली नाही. तू होतास तेव्हा तरी आपण किती बोलायचो? तू सांगायचास, मी ऐकायचे, आणि ऐकलं नाही तर चिंचेची फोक होतीच. तिसरीतून काढून मला गुरांमागं लावलंस, त्या तिसरीच्या जिवावर हे लिहिते आहे. नातीच्या वहीची मागची पानं घेतली आहेत. अक्षर वाकडं आहे, पण तू कुठं वाचणार आहेस.

शेताचं सांगायचं आहे. डोंगराच्या पायथ्याचं ते भाताचं खाचर, तू झुडपं तोडून, दगड वेचून केलेलं. तुला पोरगा नव्हता म्हणून माझ्या नवऱ्याला घरजावई करून आणलंस आणि त्या खाचरात जुंपलंस; आता तोही नाही. त्याचा कागद तुला कधी मिळाला नाही, मलाही नाही. जंगल खात्याच्या नकाशावर ते अजून जंगलच आहे. माझा पोरगा आणि सून दिवाळीनंतर पिंपळगावकडं द्राक्षाच्या कामाला जातात, चार महिने पालात राहतात, आणि पावसाआधी घरी येतात ते या खाचरासाठी. ते गेलं तर त्यांना घरी यायचं कारण उरत नाही. मग पेठ तालुक्यातल्या या डोंगरात मी आणि दहा वर्षांची नात, दोघीच.

मागच्या उन्हाळ्यात एक जीप आली. तिघं उतरले. त्यातला टोपीवाला साहेब तरणा होता, बोलायला गोड, नाशिकचा असावा. ओट्यावर बसला, कोरा चहा प्याला, तोंड वाकडं केलं नाही. म्हणाला, आजी, इथं मोठं उद्यान करायचं ठरतंय. जनावरं मोकळी फिरतील आणि लोक जाळीच्या गाडीत बसून बघतील. मी म्हटलं, म्हणजे माणसं पिंजऱ्यात आणि जनावरं बाहेर, हे तुमच्या नाशकात आधीच करायला पाहिजे होतं. तो हसला, बाकीचे दोघंही हसले. मग त्यानं वही काढली आणि विचारलं, "आजी, या डोंगरात वाघ आहे का?"

आता बघ, तुझं काम इथं येतं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. वाघबारस आहे, सगळे गुराखी शिवेवर जमले आहेत, तीन दगडांवर खीर शिजते आहे आणि तू वाघदेवाच्या सागाच्या खांबाला शेंदूर लावतो आहेस. मी आपली बोलून गेले, यंदा एक वासरू सुद्धा गेलं नाही, वाघ मेला वाटतं. तुझा हात तिथंच थांबला. तू फोक उचलली नाहीस, ते जास्त वाईट होतं. सगळ्यांना पानावर खीर वाढलीस, मला नाही. सगळे जेवून, गुरं हाकून गेले तरी मला खांबापाशी बसवून ठेवलंस. उन्हं उतरली तेव्हा आलास आणि म्हणालास, "त्याला कंदी नाय म्हनू नको. कुनी इचारलं तर हाय म्हन. दिसला नाय तरी हाय म्हन. घर त्याचं, आपन दारातले." बस्स. त्या दिवसापासून मी वाघाला नाही म्हणाले नव्हते, आणि आपल्या गावात कुणीच म्हणत नाही. बिबट्यालाही आपण वाघच म्हणतो; डोंगरात तो काय, रानमांजर दिसेना झालं, तरी कुणी विचारलं की आमचं उत्तर एकच. ज्याला माहीत आहे त्याला त्याचा अर्थ कळतो. साहेबाला तो कळायचं कारण नव्हतं, आणि हे त्याला सांगावं हे मला सुचलं नाही.

मी म्हटलं, "हाय की. वरच्या कड्याला बसलेला असतो. कायमचा."

त्यानं लिहिलं. बा, माझं बोलणं जन्मात पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेत होतं. रेशनच्या दुकानात मला नाव तीनदा सांगावं लागतं, आणि हा एकदा सांगितलं की लिहीत होता. त्याचं पेन थांबलं तसं मी आणखी सांगितलं. मादी हाय, पिल्लं हायत, पाणी प्यायला आमच्या बांधावरून जातात. बांधाचं मी का सांगितलं, देव जाणे. त्यानं ते सगळ्यात नीट लिहिलं.

पावसाच्या तोंडाला चुन्याच्या खुणा पडल्या, मग सिमेंटचे खांब आले, लाल आकडे टाकलेले. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. लाल रेघ डोंगराच्या कडेनं सरळ चालली होती, आणि आपल्या खाचरापाशी येऊन खाली वळली होती, खाचर पोटात घेऊन. शेजारच्या चार जणांचे जमिनीचे तुकडेही त्यात गेले. ग्रामसेवकानं वाचून दाखवलं की स्थानिक वृद्ध महिलेच्या सांगण्यानुसार तिथं जनावराचा नेहमीचा वावर आहे. वृद्ध महिला कोण ते त्यानं वाचलं नाही, पण सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. शेजारीण म्हणाली, म्हातारी तोंडानं वाघ व्याली. मी म्हटलं, तुझ्या सासूनं तुझ्यासारखी सून आणली, त्यापेक्षा बरं.

तिसऱ्या दिवशी पोरगा भाकरी पुढ्यात असताना म्हणाला, "आई, तुला कुणी इचारलं होतं?"

"इचारलं म्हणूनच सांगितलं."

"मग आता तूच नाय म्हनून सांग. कचेरीत. सगळ्यांसमोर."

सून चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती वळली नाही. सुनेची पाठ बघून मला कळलं की हे दोघांनी आधी ठरवलेलं आहे.

श्रावणात पेठला कचेरीत बोलावलं. एका टेबलावर त्यांनी मातीचा डोंगर करून ठेवला होता, त्यावर रंग, त्यावर प्लास्टिकची जनावरं. एक लांब मानेचं होतं, ते आपल्या रानात कधी चरलं तूच सांग. आपलं खाचर मी खुणेच्या नाल्यावरून शोधून काढलं. तिथं तळं होतं, निळ्या काचेचं, आणि काठाला गाड्या उभ्या करायची जागा. चार मोटारी होत्या, नखाएवढ्या. मी त्यातली एक उचलून बघितली तर शिपाई ओरडला, हात लावू नका. जन्मभर चिखल तुडवला ती जागा, आणि हात लावू नका.

टोपीवाला साहेब होता, आज टोपी नव्हती. त्याच्यापेक्षा मोठा एक साहेब बसला होता. त्यानं माझं आधीचं सांगणं वाचलं आणि विचारलं, काय आजी, खरं काय. मागं पोरगा उभा होता, तुकडेवाले चौघं उभे होते, खोलीत पंख्याचा आवाज. तुला वाटत असेल मी तुझी आठवण काढली. नाही काढली. मी सुनेची पाठ आठवली.

"नाय," मी म्हणाले. "वाघ नाय. माझ्या लग्नाच्या आधीच संपला. मी खोटं बोलले."

मोठा साहेब म्हणाला, पहिल्यांदा खोटं की आता? पण तो चिडलेला नव्हता. म्हणाला, दिवाळीआधी आमची माणसं येऊन पाहणी करतील. खाचरापाशी जनावराची काही खूण मिळाली नाही तर रेघ वर सरकवू, तुमचं शेत बाहेर राहील. मिळाली तर माझ्या हातात काही नाही. मी सही केली. अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं करायला निघालेला शिपाई बघत राहिला.

येताना बसमध्ये पोरानं मला खिडकीची जागा दिली. लहान असताना तो ती माझ्याकडून भांडून घ्यायचा. घाट चढताना ढग खाली उतरले होते, डोंगर दिसत नव्हता. मी वर बघितलंच नाही.

नंतर गावात बातमी आली की निफाडकडं उसात धरलेले बिबटे पिंजऱ्यातून आणून कुठल्या कुठल्या रानात सोडतात. उद्यान व्हायचं तेव्हा होईल, जनावरं आधी. खरं-खोटं मला ठाऊक नाही. कुणी म्हणतं दुपारची बंद गाडी बघितली, कुणी म्हणतं ती दुधाची होती. एवढंच सांगते की आपलं कुत्रं आता अंगणात झोपत नाही. पडवीत येतं, तिथून घरात, आणि हाकललं तरी पोट घासत परत येतं. शेळ्या संध्याकाळी आपण होऊन आत शिरतात. पाणवठ्यावर माकडं येत नाहीत.

भादव्यात एका सकाळी मी नातीला शाळेच्या वाटेला लावायला निघाले. वाट आपल्या बांधावरूनच जाते. मी पुढं, ती दप्तर सावरत मागं. नाल्यापाशी बांधाच्या ओल्या चिखलात पाऊल होतं. चार बोटं, मागं गादी, नखं नाहीत. तू शिकवलं होतंस, कुत्र्याची नखं उमटतात, याची आत असतात. पाऊल डोंगराकडं जाणारं नव्हतं. त्याचं तोंड घराकडं होतं.

मी चपलेनं ते पुसलं. नात जवळ यायच्या आत चिखल सारखा केला आणि तिला म्हटलं, आजपासून मी शाळेपर्यंत येते, गुडघ्याला चालणं सांगितलंय. आता रोज जाते, काठी घेऊन. त्यानंतर दोनदा पुसलं. पोराला सांगितलं नाही, सुनेला नाही, तुकडेवाल्यांना नाही. सांगितलं तर खाचर जातं. नाही सांगितलं तर काय जाऊ शकतं ते मला कळतं, मी तेवढी अडाणी नाही. पाहणीवाले यायला अजून महिना आहे, आणि शेजारणीची दोन्ही पोरं त्याच बांधावरून शाळेला जातात. तिची पोरं सकाळी लवकर निघतात, माझ्या आधी.

हे लिहून झालं की पानं फाडून चुलीत घालीन. नात हल्ली जे दिसेल ते वाचते.

तू असतास तर वाघाला नाही म्हणाल्याबद्दल मला पुन्हा उपाशी बसवलं असतंस, बसव. पण एक तुला ठाऊक नाही. पहिल्या सकाळी ते पाऊल दिसलं तेव्हा भीती नंतर आली. आधी मला बरं वाटलं, बा. मी साहेबाला खोटं सांगितलं नव्हतं, हेच पहिलं मनात आलं. नात मागून येते आहे, हे त्याच्यानंतर.