मोडूच्या पाठीवर हात

सोमवार, १२ जानेवारी
मगरींच्या तळ्याच्या दारावर हद्दी नावाची पोरगी शेंगदाणे विकते, तिच्या काकांचा गावाहून फोन. शुक्रवारी येतायत. मी फोनवर सांगून ठेवलंय की मोडू नावाच्या मगरीच्या पाठीवर रोज हात फिरवतो तो मीच. काका म्हणाले, बघू की. बघितल्यावरच माझ्या मागणीच्या कोलाच्या बिया घेणार. घेतल्या की हद्दीशी लग्न ठरलं! हात फिरवायचा तेवढा राहिलाय. गांबियात येऊन मगरीला शिवलं नाही तर काय केलं, असं पर्यटकांना मीच सांगतो. ते शिवतात, मी फोटो काढतो. उद्यापासून सुरुवात. भीतीचा प्रश्नच नाही.

मंगळवार, १३
मोडू काठावर. तोंड उघडं. जांभई असावी. पण वारा उलटा होता, म्हणून राहिलं. एका बाईने विचारलं, चावतो का? म्हटलं, छे, मांजर आहे. बाईने हात लावला. मी फोटो काढला.

बुधवार, १४, पहाटे
झोप नाही. अंगणात येरझाऱ्या. आई ओरडली, मेल्या, कोंबड्यांना तरी झोपू दे.

दुपारी
नवा सदरा होता, म्हणून नाही लावला हात. तळ्याचा काठ झाडणारा पा न्जाय नावाचा पोरगा आहे, त्याला हद्दी मूठभर शेंगदाणे जास्त देते. दयाळू पोरगी.
पा मला म्हणाला, काय रे जोब, आमच्या घरच्या गड्या, सगळा भात संपवलास? मी जोब, तो न्जाय, या आडनावांचं नातंच थट्टेचं. एकमेकांना नोकर म्हणायचं, रागवायचं नाही. आणि एकाने काम सांगितलं की दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही.
इथेच डोकं चाललं!

गुरुवार, १५
पा न्जायला हुकूम सोडला: उद्या सकाळी मोडूला पोटभर मासे भरव. मोडू सुस्तावेल, दुपारच्या नमाजानंतर काका येतील, मी ऐटीत हात फिरवीन. पा म्हणाला, जशी आज्ञा, मालक. हसत का होता कळेना. झोप येत नाही. चहा जास्त झाला.

शुक्रवार, १६
सदऱ्याला इस्त्री करत बसलो. काका सकाळीच आले! धावत पोचलो तर पा एका हाताने मोडूला मासा भरवतोय, दुसरा हात त्याच्या पाठीवर. काका म्हणत होते, वा, जावई शोभतो! मी म्हटलं, काका, फोनवरचा मी! काकांनी हद्दीकडे पाहिलं. ती म्हणाली, हा होय? हा फोटो काढतो.
पा न्जायने खिशातून कोलाच्या बिया काढल्या. आधीपासूनच होत्या. काकांनी घेतल्या. फार वाईट वाटलं.
मग पा म्हणाला, गड्या, आमचा दोघांचा एक फोटो काढ. नाही म्हणता येत नाही.
पहिला हलला. दुसरा चांगला आला.