थोरल्याची खुर्ची

२ फेब्रुवारी, रविवार

ढकललं. हो, मीच ढकललं! उपासना सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्या मंडळीदेखत. थोरला तोंडावर आपटला, पुढचा दात अर्धा तुटला. आता मी तेवढा राक्षस. पण दुकानात गिऱ्हाईक आलं की हा हळूच त्याच्या कानाशी लागतो — "धाकट्याकडे नको बसू, त्याचं डोकं कधी फिरेल नेम नाही" — ते कोणी पाहिलं नाही. दाढी-कटिंगचं दुकान एक, खुर्च्या दोन, आणि माझी रिकामी राहावी म्हणून सख्खा भाऊ झटतो!

माफी मागणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

थोरला दुकानात फिरकलेला नाही. वहिनी सांगते, दुसरीकडे जागा बघतोय. बघू दे. वडिलांनी मांडलेलं दुकान मी एकटा चालवीन.

संध्याकाळी पाद्री आले. मी तयारीतच होतो, आता क्षमेवर प्रवचन. तर म्हणाले, "माफी नको मागूस. शनिवारी सकाळी आपल्या आजारघरात ये, वस्तरा घेऊन. तिथल्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या करायला कोणी नाही." हो म्हटलं. प्रवचनापेक्षा दाढ्या परवडल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

गाल आत गेलेले, कातडी सैल. एका हाताने ताणून धरावी तेव्हा कुठे वस्तरा चालतो. दुकानात तिघं उरकतो तेवढा वेळ इथे एकालाच.

खिडकीजवळ एक जुना ड्रायव्हर आहे, उजवी बाजू लुळी. फेस लावला तर माझ्या शर्टावर थुंकला. ब्रश आपटून बाहेर आलो. नर्स म्हणाली, "सगळे असेच पळतात." मी पळतो? परत आत गेलो, ब्रश धुतला. तोवर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी दुकान बंद करताना आम्ही भाऊ एकमेकांची दाढी करायचो. वडिलांनी घालून दिलेली रीत. म्हणायचे, स्वतःची स्वतः करायची तर भाऊ कशाला दिलाय? आता मी स्वतःच करतो आणि हनुवटीखाली कापून घेतो.

ड्रायव्हर आज म्हणाला, "राग आलाय तुला. हातातून कळतोय."

"आलाय. मग?"

"मग थांब."

थांबलो. स्टुलावर बसून राहिलो, फेस वाळला, पुन्हा लावला. तेव्हा त्याने गाल पुढे केला. एकच! अर्ध्या दाढीवर मला हाकलून दिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

थोरल्याचा विषय निघाला, तर वहिनी म्हणाली, "हे दाढीला कोणाला हातच लावू देत नाहीत." म्हटलं, मला काय त्याचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही गाल, मिशीखालचं, हनुवटी. गळा नाही. चिडून म्हटलं, "काका, कापणार नाही मी तुम्हाला."

"दुसऱ्यांच्या माना रोज मागे टाकायला लावतोस. तू कोणापुढे टाकतोस का?"

टाकायचो, दर शनिवारी, थोरल्यापुढे. मग त्यांनीच मान मागे टाकली. गळ्याची घाटी वर-खाली होत होती, भीती होती त्यांना, तरी टाकली. इतका सावकाश वस्तरा मी जन्मात चालवला नसेल.

पाद्री दारात उभे. "निवळलास," म्हणाले. मुळीच नाही! राग आहे तिथेच आहे. वस्तरा हातात असताना त्याला बाहेर बसवतो, इतकंच.

२३ फेब्रुवारी, रविवार

थोरला पलीकडच्या बाकावर. दाढी वाढलेली. प्रार्थनेत मी डोळे मिटलेच नाहीत, त्याच्याकडे बघत होतो. गाताना तो तुटका दात दिसला आणि मी गाणं मधेच सोडलं. तरी माफी मागणार नाही म्हणजे नाही.

१ मार्च, शनिवार

दुकान बंद करताना थोरला आला. वाटलं, सामान न्यायला आला. त्याने पेटी उघडली, वस्तऱ्याला नवं पातं लावलं. मी माझी खुर्ची झटकली, म्हटलं, "बस दादा." त्याने नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच्या खुर्चीकडे बोट केलं.

बसलो. दोन्ही गाल झाले. गळ्याशी वस्तरा थांबला.

"घाबरलास?"

"हो," म्हटलं, आणि मान मागे टाकली.